मांजर चावण्याआधी काय सांगते? आपापले अनुभव लिहा

आज शेजारच्या मुलीच्या मनगटावर बोचकारे पाहिले आणि जुनं सगळं आठवलं. सगळे म्हणतात, "अचानक चावली." अचानक नसतंच ते. कुरवाळताना आधी शेपटीचं टोक फटफट आपटतं, मग पाठीवरची कातडी थरथरते, मग कान आडवे होतात. कातडी थरथरली की हात काढायचा, कानांची वाट बघायची नाही. घुरघुरीवर तर विसंबूच नका, दुखत असतानाही मांजर घुरघुरतं.

रानजाई
पोट दाखवलं म्हणजे "खाजव" नव्हे!! गाल, हनुवटी, कानाचं बूड एवढंच. तीन सेकंद खाजवून थांबा. डोकं पुढे रेटलं तर परत.

बोकोबा
गोळी द्यायला जाड टॉवेल. मांजर मधोमध, एक बाजू अंगावरून घेऊन खाली खोचायची, मग दुसरी. पुढचे दोन्ही पंजे आत हवेत, एक बाहेर राहिला तर तोच तोंडावर येतो. गळ्याशी दोन बोटं जातील इतपत सैल. गोळी जिभेच्या बुडाशी, मागोमाग सिरिंजने गालाच्या बाजूने ५ मिली पाणी, थोडं थोडं. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून आतून जखम करते.

सईची आई
@बोकोबा दादा, ताप आला तर पॅरासिटामॉल चालतं का?

बोकोबा
नाही ताई, अजिबात नाही! मांजराला ते विष आहे, तुकडाही नको.

माळीबुवा
विषावरून आठवलं, घरात लिली असेल तर काढा. अंगावर पडलेले पराग चाटले तरी मूत्रपिंडं जातात.

सईची आई
बापरे. आमच्याकडे पीस लिली आहे.

माळीबुवा
ती खरी लिली नव्हे. तोंडाची आग होते, लाळ गळते, पण मूत्रपिंडाला धोका नाही. तरी उंचावर ठेवा.

उंबरठा
खिडकीबाहेर बोका दिसून शेपूट फेंदारली असेल तर उचलायला जाऊ नका, राग तुमच्यावर निघतो. मध्ये पुठ्ठा धरा, पडदा ओढा, खोलीत एकटं सोडा. निवळायला कधी कधी काही तास लागतात.

कुसुमाई
चावलंच तर हात ओढू नका गं, दात जास्त फाडतात. हात सैल सोडायचा, किंचित तिच्याकडेच न्यायचा, ती सोडते. भोक सुईएवढं दिसतं पण जंतू खोल जातात. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं, हळद-चुना काही भरू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टर. रेबीजच्या लशीचं तेव्हाच विचारा, घरची मांजर असली तरी. पोळी तव्यावर आहे, बाकी रात्री लिहिते.