'ग्लेअर'ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : एका इंग्रजी कथेचा अनुवाद करतेय. रात्रीच्या हायवेवर समोरच्या गाडीच्या 'ग्लेअर'ने बाई वैतागते आणि पुढच्याच वाक्यात नवऱ्याकडे 'ग्लेअर' करते. दोन्हीकडे चालेल असा एक मराठी शब्द आहे का?

– कठीण आहे. इंग्रजीत हा शब्द मुळात चमकण्याचा, काचेच्या 'ग्लास'च्या नात्यातला. रागाने बघणं त्याला मागाहून चिकटलं. आपल्याकडे दोन्ही घरं वेगळी. 'वटारणे' हे क्रियापद डोळ्यांपुरतंच, दुसरं काही वटारता येत नाही. उजेडासाठी कोश 'डोळे दिपणे' देतील, पण ते जपून वापरा. दिपण्यात कौतुकही असतं, श्रीमंती बघूनही डोळे दिपतात. झगमगाट, लखलखाट तर थेट दिवाळीचे.

खुपणाऱ्या उजेडाला माझा शब्द 'भगभगीत'. 2015मध्ये मरीन ड्राइव्हवरचे पिवळे सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले. 'राणीच्या रत्नहारा'ची, म्हणजे किनाऱ्यावरच्या त्या दिव्यांच्या माळेची, शोभा गेली म्हणून केवढी ओरड झाली, शेवटी पिवळसर प्रकाश परत आणावा लागला. तो मधला पांढरा म्हणजे अस्सल भगभगीत. अर्थात लोकलमध्ये खिडकीशी बसलेला माणूस असलं काही म्हणत नाही. 'ऊन डोळ्यांवर येतंय' म्हणतो आणि शटर खाली ओढतो.

– तिसरा अर्थ राहिला! आमच्या कॉलेजात 'ग्लेअर्स' म्हणजे गॉगल. हा खास आपल्याकडचा वापर, इंग्लंडात कुणाला कळायचा नाही.

– 'आग ओकणे' घ्या की. ऊनही आग ओकतं, डोळेही.

– नवऱ्याकडे बघताना आग ओकायची म्हणजे प्रकरण कोर्टातच जायचं. 'खाऊ का गिळू अशा नजरेने' पुरेल.

– ते छान आहे, पण मग उजेडाशी सांधा तुटतो. मी 'रोखणे' सुचवीन. बॅटरी तोंडावर रोखतात, बंदूक रोखतात, नजरही रोखतात. 'समोरच्या गाडीने अप्पर तिच्या डोळ्यांवर रोखला. तिने नजर नवऱ्यावर रोखली.' एवढंच की रोखण्यात राग असेलच असं नाही, प्रेमानेही नजर रोखता येते. तेव्हा नजरेमागे 'जळजळीत' लावा.