इंजिनात कॅपॅसिटर घालणं म्हणजे आळशीपणा का?

खारावारा (मालवण)
माझा मॉडेल रेल्वेचा एचओ स्केलचा, म्हणजे १:८७ चा छोटा लेआउट आहे. पावसाळा लागला की खोली दोन दिवस बंद राहिली तरी रुळांवर काळपट थर चढतो. चारच चाकांचं शंटिंग इंजिन टर्नआउटच्या (रूळ फुटतात त्या सांध्याच्या) प्लास्टिक फ्रॉगवर, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात त्या वीज नसलेल्या तुकड्यावर, आलं की गपकन उभं. साउंडवालं असेल तर पुन्हा पहिल्यापासून इंजिन सुरू झाल्याचा आवाज. मग ढकला बोटाने.

शेवटी २.७ व्होल्टचे, १ फॅरडचे सहा सुपरकॅपॅसिटर (थोडा वेळ पुरेल एवढी वीज साठवणारे) सिरीजमध्ये जोडून डीसीसी डिकोडरला, म्हणजे रुळांतून येणारे डिजिटल हुकूम वाचून इंजिन चालवणाऱ्या सर्किटला, लावले. आठवडाभर एकदाही अडकलं नाही. आपल्या हवेत हे हवंच, असं माझं मत. विरोधकांनी बोलावं.

तिरफळ (वेंगुर्ला)
अरे मेल्या, रूळ पुसूक पाच मिनिटां जातत! आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं, बस. पॉलिश पेपर मात्र नको, ओरखड्यांत मळ आणखी बसतो.

खरा मुद्दा वेगळाच आहे. डिकोडर रुळांतून नुसती वीज घेत नाही, हुकूमही घेतो. संपर्क तुटला की 'थांब' हा हुकूमही पोचत नाही. तुझा इंजिन बहिरा होऊन धावतला, टेबलाच्या कडेपर्यंत.

अर्धा_व्होल्ट (रत्नागिरी)
दोघेही अंदाजाने बोलताय, जरा हिशोब करू. सिरीजमध्ये सहा म्हणजे एकूण १/६ फॅरड. इंजिन पाव अँपिअर ओढतंय आणि व्होल्टेज १४ वरून ८ पर्यंत उतरू दिलं, तर साधारण ४ सेकंद मिळतात. फ्रॉग ओलांडायला एवढे कशाला? उलट २२०० मायक्रोफॅरडचा साधा २५ व्होल्टचा कॅपॅसिटर लावला तर सेकंदाचा विसावा भाग. १० सेमी प्रतिसेकंद वेगाला तेवढ्यात इंजिन जेमतेम अर्धा सेंटिमीटर जातं. म्हणजे साध्याने भागत नाही, आणि सहा पूर्ण १ फॅरडवाले जरा जास्तच.

आणि चार्जिंगला १०० ओहमचा रेझिस्टर, त्याला समांतर उलटा डायोड घातलास ना? नाहीतर चारपाच इंजिनं एकदम चार्ज व्हायला लागली की बूस्टर (रुळांना वीज पुरवणारा डबा) शॉर्ट समजून ट्रिप होतो.

नॅनोप्रेमी (चिपळूण)
एचओहून लहान अशा एन स्केलवाल्यांनी हे सगळं ठेवायचं कुठे? माझ्या इंजिनात डिकोडरच कसाबसा मावतो. आम्ही आपले पुसतोच.

खारावारा
रेझिस्टर-डायोड दोन्ही आहेत. तिरफळ, बहिऱ्या इंजिनाचा मुद्दा मान्य. कॅपॅसिटरवर किती वेळ चालायचं ते माझ्या डिकोडरमध्ये सीव्हीने (डिकोडरच्या सेटिंगने) ठरवता येतं, ते अर्ध्या सेकंदावर आणलंय. पण पुसायचं म्हणशील तर माझ्या लेआउटचा अर्धा भाग बोगद्यात आहे. कोकण रेल्वे करतोय बाबा, बोगदे नकोत का? तिथे हात कुणाचा पोचतो?

तिरफळ
मग छप्पर काढता येण्यासारखं का नाय केलंस?