छेत्रीनंतर नऊ नंबर (मधे खेळून गोल मारणारा स्ट्रायकर) कोण? चौदाव्या वर्षी ओळखता येतो का?

कडेचा_प्रेक्षक:
६ जून २०२४ ला कुवेतविरुद्ध सुनील छेत्रीने भारताच्या फुटबॉल संघाचा निरोप घेतला, खात्यात ९४ गोल. वर्ष उलटायच्या आत त्याला परत बोलवावं लागलं. मार्च २०२५ मध्ये मालदीवविरुद्ध चाळीस वर्षांच्या याच माणसाने हेडरने गोल मारला. आता माझा भाचा, वय चौदा. शाळेच्या स्पर्धेत पोत्यानं गोल मारतो, घरचे आत्ताच 'पुढचा छेत्री' म्हणायला लागलेत. तुम्ही पोरांत नेमकं काय बघता?

पेठेतला_जुना:
भावा, गोल मोजू नको. आधी जन्मतारीख बघ. जानेवारीतला पोरगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षानं थोराड, आणि दोघं एकाच वयोगटात. ज्याला मिसरूड आधी फुटलं तो नुसता पळून गोल मारतो.

मी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर चाळीस वर्षं बसतोय. बॉल लांबच्या कडेला गेला की सगळे बॉल बघतात, मी नऊ नंबर बघतो. कडेनं क्रॉस यायच्या आधी मान वळवून समोरचा बॅक, म्हणजे बचाववाला, कुठं उभाय ते बघतो का? एक पाऊल मागं घेऊन मग सुटतो का? एक काटकुळा पोरगा होता. तीन वेळा गोलपुढ्यात चुकला, पब्लिकनं शिव्या घातल्या, तरी चौथ्यांदा गडी बरोबर तिथंच, लांबच्या पोस्टजवळ. चौथाही बाहेर घातला म्हणा. पण मी पैज त्याच्यावरच लावली असती.

मडगाववरून:
२०१७ चा १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप आठवतो? इथे फातोर्ड्यावर ऱ्हियन ब्रूस्टरने अमेरिकेविरुद्ध हॅटट्रिक केली, पुढे ब्राझीलविरुद्ध आणखी एक. स्पर्धेत ८ गोल, गोल्डन बूट. सगळ्यांना वाटलं, इंग्लंडला नऊ नंबर मिळाला. इंग्लंडच्या मुख्य संघाकडून त्याचा अजून एकही सामना नाही.

पेठेतला_जुना:
आणि त्याच स्पर्धेत आपला एकमेव गोल कुणाचा? जिक्सनचा, कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर. तो मिडफिल्डर! आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात पुढं खेळायचा, आयएसएलमध्ये, म्हणजे आपल्या क्लबांच्या लीगमध्ये, बहुतेक कडेला दिसला. भारताकडून खेळणाऱ्या मनवीर सिंगचंही मोहन बागान क्लबला तेच. क्लबांना मधल्या जागेला परदेशी माणूस लागतो. ओगबेचे, रॉय कृष्णा, डायमंटाकोस, नावं बघ की. पोरगा नऊ नंबर म्हणून जातो आणि विंगर होऊन येतो. त्यामुळं भाचा किती गोल मारतो यापेक्षा विशीत त्याला मधे कोण खेळवणार, हे विचार.

कडेचा_प्रेक्षक:
जन्म जानेवारीचाच निघाला, काका. रविवारी मॅच आहे, यावेळी बॉलकडे बघणार नाही. पण त्या लांबच्या पोस्टवाल्याचं पुढे काय झालं?

पेठेतला_जुना:
गुजरीत दुकानावर बसतोय.