मदत हवी आहे: गोव्यातून पुण्यात थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश

मी गोवा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या, डिचोली तालुक्यातील एका लहान महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला (रसायनशास्त्र) असून, तिसऱ्या वर्षासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एखाद्या नावाजलेल्या महाविद्यालयात जाऊ इच्छिते. आतापर्यंत एकही विषय राहिलेला नाही. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (विद्यार्थ्याने मिळवलेल्या क्रेडिटची म्हणजे श्रेयांकांची ऑनलाइन नोंद ठेवणारी सरकारी व्यवस्था) १२ अंकी क्रमांक डिजिलॉकरवर काढला आहे, परंतु तिथे अद्याप पहिल्याच सत्राचे क्रेडिट दिसतात. आमच्या कार्यालयात स्थलांतर प्रमाणपत्रासाठी आधी प्रवेशाचे पत्र मागतात आणि पुण्यात फोन केला असता प्रवेशासाठी आधी प्रमाणपत्र मागतात. पदवी इथेच पूर्ण करून एम.एस्सी.ला जाण्याचा पर्याय मला ठाऊक आहे. तो कृपया सुचवू नये. गुणपत्रिकांच्या आधारे तात्पुरता प्रवेश घेऊन प्रमाणपत्र नंतर सादर केलेले चालते का, आणि दोन्ही अभ्यासक्रम जुळतात की नाही हे नेमके कोण ठरवते, महाविद्यालय की विद्यापीठाचा पात्रता विभाग?