जुन्या लुगड्यांवर नवे काम करताना प्रेरणा कोठून घ्यावी?

धावदोरा (लातूर)

नमस्कार. आजी आणि तिच्या जावा यांच्या वापरातली काही सुती लुगडी आणि इरकल माझ्याकडे आली आहेत. आमच्या घरी दरवर्षी उन्हाळ्यात वाकळी, म्हणजे जुन्या कापडांच्या गोधड्या, शिवल्या जात असत, त्यामुळे धावदोरा माझ्या हातात लहानपणापासून आहे. पुढे मी वस्त्रकलेचे रीतसर शिक्षणही घेतले. आता या लुगड्यांतून अंथरण्या-पांघरण्यासाठी नव्हे, तर भिंतीवर लावण्याजोगी काही मोठी कामे करावीत, असे मनात आहे.

अडचण प्रेरणेची आहे. ज्यांना विचारले त्यांपैकी बहुतेकांनी अजिंठ्याचे कमळ, पैठणीचा मोर किंवा बंजारा भरतकामातले आरसे सुचवले. मी तसे नमुने करून पाहिले, पण ते कापडावर उमटल्यासारखे न वाटता वरून चिकटवल्यासारखे दिसतात. मला आमच्याकडची काळी जमीन, पाऊस लांबल्यावर तिला पडणाऱ्या भेगा, ज्वारीची ताटे आणि जात्यावर बसून गाणाऱ्या बायका यांविषयी काही करायचे आहे. परंतु भेग काढायची म्हणून नुसती वेडीवाकडी रेघ शिवली, तर ते चित्राची नक्कल करणारे भरतकाम होते.

ज्यांनी सुई-दोऱ्यालाच आपले माध्यम मानले, त्या कलावंतांनी प्रेरणा कोठून घेतली आणि ती प्रत्यक्ष टाक्यात कशी उतरवली, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

गोदाकाठ (पैठण)

धावदोराताई, तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

माझे ठाम मत असे आहे की शिवणकामातली प्रेरणा आधी हातातल्या कापडात शोधावी आणि मगच बाहेर पाहावे. याचे मला ठाऊक असलेले सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीचे आहे. कापसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबवल्या गेलेल्या कृष्णवर्णीय माणसांचे वंशज तेथे राहतात. तिथल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, त्या थंडीत पांघरण्यासाठी. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये त्या गोधड्या भिंतीवर टांगल्या गेल्या, तेव्हा लोकांना त्यांत आधुनिक अमूर्त चित्रकलेच्या तोडीची रचना दिसली. २००६ मध्ये तेथील टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटेही काढली.

याच वस्तीतल्या मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये शिवलेली एक गोधडी प्रसिद्ध आहे. पतीच्या निधनानंतर त्यांनी त्याचे कामावरचे कपडे उसवले, त्याचे लांबरुंद पट्टे केले आणि त्यांचीच गोधडी शिवली. त्याच्या कपड्यांखाली निजता यावे, एवढाच त्यामागे हेतू होता. अशा गोधड्यांत गुडघ्याशी विटलेला कपडा फिकट दिसतो आणि खिसा उसवलेल्या जागी मूळचा गडद रंग टिकून राहिलेला असतो. ते फिकट-गडद चौकोन त्या बाईने आखलेले नाहीत, ते शेतात राबणाऱ्या माणसाच्या शरीराने आखले आहेत. कोणता तुकडा कोठे ठेवायचा हे मात्र तिनेच ठरवले, आणि माझ्या दृष्टीने तिची कला त्या निवडीत आहे.

आता आपल्या लुगड्याकडे याच नजरेने पाहा. लुगडे सर्वांत आधी मध्ये विरते, काठ आणि पदर मागे राहतात. म्हणून पूर्वी मधला विरलेला भाग कापून टाकत आणि दोन धडके भाग जोडून, दंड घालून, ते पुन्हा नेसत. दंडही फाटला म्हणजे वाकळीची पाळी येई. आपल्या वाकळींत काठांचे पट्टे एवढे ठळक दिसतात ते यामुळेच. तुमच्या आजीच्या लुगड्यावर दंडाची शिवण असेल, तर ती उसवू नका. ती वाईट वर्षाची खूण आहे, आणि तुम्हाला जी भेग दाखवायची आहे ती कदाचित त्या शिवणीतच सापडेल.

बाहेरून प्रेरणा घेणारेही आहेत, आणि त्यांना मी कमी लेखत नाही. फेथ रिंगगोल्ड (१९३०–२०२४) या मुळात चित्रकार. १९७२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात तिबेटी थांगका, म्हणजे कापडाच्या किनारीत बसवलेली बौद्ध चित्रे, पाहिल्यावर त्यांनी आपल्या चित्रांना कापडाच्या किनारी लावायला सुरुवात केली, आणि १९८० मध्ये आईच्या मदतीने पहिली गोधडी केली. आई कपड्यांची रचनाकार होती, आणि घराण्यात गुलामगिरीच्या काळापासून गोधड्या शिवण्याची परंपरा होती. थांगका परक्या मुलखातून आला खरा. पण तो त्यांना आपल्या आईच्या सुईपर्यंत परत घेऊन गेला. परकी प्रेरणा उसनी आहे की आपली झाली आहे, हे मी यावरून ओळखतो.

चिलीमधल्या बायकांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांचे मुलगे आणि पती बेपत्ता झाले, त्या बायका चर्चच्या आश्रयाने एकत्र बसून गोणपाटावर चिंध्यांची छोटी चित्रे शिवत. तुरुंग, रिकाम्या थाळ्या, हरवलेल्या माणसांविषयी विचारणारे फलक असे विषय त्यांत असत, आणि काही वेळा हरवलेल्या माणसाच्याच सदऱ्याचा तुकडा त्या चित्रात लावलेला असे. ही चित्रे देशाबाहेर गेली आणि तेथे काय चालले आहे ते जगाला कळले. विषय आणि कापड एकच असले म्हणजे शिवलेल्या कामाला केवढे बळ येते, ते यातून दिसते.

तांड्यावरची (किनवट)

गोदाकाठ यांच्या प्रतिसादाशी मी बरीचशी सहमत आहे. मात्र मूळ प्रश्नात बंजारा भरतकामातल्या आरशांचा उल्लेख आला आहे, आणि त्याविषयी मला स्पष्टपणे लिहिणे आवश्यक वाटते, कारण माझी आई आणि मावश्या हे काम करत आल्या आहेत.

आमच्या कामात आरसा, कवडी आणि टाका यांच्या जागा ठरलेल्या असतात. फेटियाचा (घागऱ्याचा) घेर, कांचळीची (चोळीची) पुढची बाजू, ओढणीचा कपाळावर येणारा काठ आणि पाण्याची घागर डोक्यावर ठेवण्याची चुंबळ या प्रत्येकाचे काम वेगळे आहे. चुंबळीला मागून भरतकामाचा एक चौकोन लावलेला असतो. तो पाठीमागे लोंबतो, म्हणून बाई पाणी घेऊन चालू लागली की तिच्यामागून येणाऱ्याला तो दिसतो. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर फिरत. घर जमिनीवर नसून अंगावर आणि बैलाच्या पाठीवर होते, त्यामुळे सगळी श्रीमंती कापडावर आली. पिशवी फाटू नये म्हणून तिच्यावर दाट टाके घातले जात, आणि त्या दाटपणातूनच चौकटी व तिरक्या रेषांची आमची नक्षी वाढली. मजबुती आणि नक्षी या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

कर्नाटकातल्या संडूर येथील आमच्या बांधवांच्या भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, याचा मला अभिमान वाटतो. आपल्याकडच्या नांदेड, हिंगोली, परभणी भागांतल्या तांड्यांवर मात्र नव्या पिढीच्या अंगावरून हा पोशाख उतरला आहे आणि जुनी कामे व्यापाऱ्यांना तुकड्या-तुकड्यांनी विकली जात आहेत. ते तुकडे पुढे कोणाच्या तरी पिशवीवर किंवा उशीच्या अभ्र्यावर लागतात, आणि ज्या बाईने ते भरले तिचा कोठेही उल्लेख राहत नाही.

म्हणून, ताई, माझे सांगणे एवढेच की बाजारात मिळालेला आमचा तुकडा कापून आपल्या कामात लावू नका. टाका शिकायचा असेल तर तांड्यावर या आणि एखाद्या म्हातारीजवळ बसा. तिच्याकडून शिकलेला टाका तुमच्या कामात आला तर तिला आनंदच होईल. तुमच्या विषयाला आमच्या कामातून काही घ्यायचेच असेल, तर दाट टाक्यांनी कापडाला बळ देण्याची रीत घ्या. विरलेल्या लुगड्याला आरशांपेक्षा तिची गरज अधिक आहे.

अजिंठारोड (सिल्लोड)

अजिंठ्याचे कमळ चिकटवल्यासारखे दिसते, हे धावदोरा यांचे निरीक्षण योग्य आहे. तरीही अजिंठा बाजूला ठेवू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. आपण तेथे छतावरच्या नक्षीकडे पाहतो आणि माणसांच्या अंगावरच्या कापडाकडे पाहत नाही. वाकाटक काळातल्या, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकातल्या, १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांत वस्त्रांचा मोठा खजिना आहे. आडव्या पट्ट्यांची वस्त्रे, हंसांच्या ओळी असलेले कापड, आजच्या इकतची (आधी सूत रंगवून मग विणलेल्या कापडाची) आठवण करून देणारी नक्षी, अंगाचा रंग आरपार दिसावा इतके तलम सूत, हे सगळे त्या भिंतींवर आहे. पहिल्या लेण्यातल्या महाजनक जातकाच्या (बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या एका कथेच्या) चित्रातली नर्तकी तर लांब बाह्यांचा, चक्क शिवलेला पेहराव घालून नाचते आहे. तिच्यासमोर उभे राहिले की कापड अंगावर कसे ताणले जाते आणि कोठे सैल पडते ते दिसते. हा अभ्यास वाकळीच्या कामाला कमळापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

पैठणीच्या मोराविषयी माझा आक्षेप तंत्राचा आहे. पैठणीतली नक्षी प्रत्येक रंगाची वेगळी कांडी घेऊन, उभ्या-आडव्या धाग्यांच्या अडकवणीतून विणली जाते, आणि त्या मोराच्या कडांना येणारा पायरीसारखा आकार त्या विणीतूनच येतो. धावदोऱ्याने तोच आकार काढायचा म्हटले, तर सुईला आपल्या स्वभावाविरुद्ध वागावे लागते. त्याउलट तुमच्याजवळ इरकल आहे, आणि इरकलीवर पूर्वीपासून कसुती हे कर्नाटकी भरतकाम केले जाते. कसुतीत कापडावर आधी चित्र काढत नाहीत. धागे मोजून टाके घालतात. गावंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी या चार टाक्यांतून गोपुर, तुळशीवृंदावन, अंबारीचा हत्ती असे आकार उभे राहतात, आणि ते सगळे सरळ व तिरक्या रेघांचे असतात, कारण मोजलेल्या धाग्यांवर दुसरे काही सहज येत नाही. लातूर-धाराशिवच्या बायकांनी ही पातळे वर्षानुवर्षे नेसली आहेत. ज्वारीचे ताट, त्याची पेरे आणि दोन्ही बाजूंना फुटणारी पाने मोजलेल्या टाक्यांत किती नेमकी बसतील, ते करून पाहावे.

जात्यावरच्या बायकांविषयी एक सुचवतो. जाते आणि बाई यांचे चित्र काढण्यापेक्षा जात्याची गती घ्यावी. वाकळ शिवणारी बाई बहुधा कडेने सुरुवात करते आणि चौकोनात चौकोन घालत मध्याकडे येते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या बायकाही अशाच कडेकडून आत शिवत जातात, आणि चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची छोटी फुले लावल्याशिवाय त्यांची गोधडी पूर्ण होत नाही. कडेकडून मध्याकडे फिरत येणारा हा दोरा म्हणजे जात्याचेच फिरणे आहे. ओवी जेथे थांबते आणि बाई मुठीने नवे दाणे घालते, तेथे टाक्याची लांबी बदलता येईल.

धावदोरा (लातूर)

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. गोदाकाठ यांचा प्रतिसाद वाचून मी सगळी लुगडी पुन्हा उलगडून पाहिली. त्यांतल्या एका हिरव्या लुगड्याला खरोखरच दंड आहे, आणि दोन्ही बाजूंचा हिरवा रंग एकसारखा नाही. एक बाजू बहुधा अधिक वापरली गेली असावी. पहिले काम त्या शिवणीभोवती करायचे ठरवले आहे. शिवण तशीच ठेवून तिच्या दोन्ही अंगांना जवळजवळ धावदोरे घालत जायचे, म्हणजे दोऱ्याच्या ताणाने कापडाला सुरकुत्या पडतील आणि भेगेजवळची माती उचलल्यासारखी दिसेल. जात्याच्या गतीचे काम त्यानंतर करीन. तांड्यावरची यांच्या बोलावण्याचा मान ठेवून दिवाळीनंतर किनवटला येण्याची इच्छा आहे. तोपर्यंत आरसे माझ्या कामात येणार नाहीत.

एक शंका उरते. हे हिरवे कापड इतके विरले आहे की सुई टोचली तरी धागे सरकतात. त्यावर दाट टाके घालणे शक्य होईल का?

तांड्यावरची (किनवट)

होईल, पण खाली आधार हवा. पाण्यात भिजवून आटवलेले जुने मांजरपाट अस्तराला घ्या, नव्या कोऱ्या कापडाचे घेऊ नका, कारण ते नंतर आटून लुगडे ओढेल. त्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने लुगड्याचा रंग दाबून पाहा. फडक्यावर हिरवा रंग उतरला, तर ते धुण्याच्या भानगडीत पडू नये. दोन्ही कापडे जमिनीवर ताठ अंथरून, कडांवर वजने ठेवून, आधी वीतभर अंतराने कच्चे टाके घालून घ्या आणि मग बारीक सुईने काम करा. दोरा सुती आणि लुगड्याच्या सुतापेक्षा जाड नसलेला वापरा. जाड दोरा तुटत नाही, तो कापडच चिरतो.

भिंतीवर लावताना कोपऱ्यांना कड्या लावू नका, सगळा भार दोन ठिकाणी येईल. वरच्या कडेला मागून पूर्ण रुंदीचा नेफा शिवा, त्यातून काठी ओवा आणि थेट ऊन येणार नाही अशी भिंत निवडा.