'कर्टन्स' (१९८३): एका प्रसंगापुरता सिनेमा की त्याहून जास्त?

रातकिडा
(खुनी कोण हेही खाली लिहिलंय. पाहायचा असेल त्यांनी आधी पाहून या.)

ऐंशीच्या दशकातल्या स्लॅशरपटांचा, म्हणजे एकामागून एक खून पाडणाऱ्या मारेकऱ्याच्या भयपटांचा, विषय निघाला की तीच चार-पाच नावं येतात. कॅनडाच्या 'कर्टन्स'ला त्यात कधी जागा मिळत नाही आणि मला ते मनापासून खटकतं.

सामंथा शेरवुड ही नावाजलेली नटी. 'ऑड्रा' नावाच्या वेड्या बाईची भूमिका नीट समजावी म्हणून ती वेडाचं सोंग घेऊन मनोरुग्णालयात भरती होते. दिग्दर्शक जोनाथन स्ट्रायकर या बेतात सामील असतो, पण तो तिला तिथेच सोडून देतो आणि त्याच भूमिकेसाठी सहा जणींना आडबाजूच्या आपल्या बंगल्यावर ऑडिशनला बोलावतो. त्यातली एक घरातून निघण्याआधीच मारली जाते. उरलेल्या पोचतात, आणि मागोमाग सामंथाही येऊन उभी राहते.

त्यांच्यातल्या क्रिस्टीचा प्रसंग मी किती वेळा पाहिला असेल! गोठलेल्या तळ्यावर ती एकटी स्केटिंग करतेय, टेपवर गाणं लागलंय. गाणं थांबतं. बर्फातून बाहुलीचा हात वर आलेला दिसतो. आणि लांबून, लख्ख उजेडात, म्हातारीचा मुखवटा घातलेलं कुणीतरी हातात विळा घेऊन तिच्याकडे घसरत येतं. अंधार नाही, आडोसा नाही. येणारं संकट आपल्याला पूर्ण वेळ दिसत राहतं, म्हणून छातीत धडधडतं.

मधली_ओळ
तळ्याचा प्रसंग भारी आहे, वादच नाही. पण त्या काही मिनिटांसाठी दीड तासाचा सिनेमा चांगला कसा म्हणायचा? ठिगळं उघडी दिसतात हो. माणसं मध्येच गायब होतात, कोण कुठल्या खोलीत आहे ते कळत नाही. मॅथ्यू नावाचा तरुण तिथे नेमका कशासाठी आहे, ते तरी सांगा.

आणि शेवट! स्ट्रायकर आणि ऑडिशनला आलेली ब्रूक यांना सामंथा गोळ्या घालते, पण बाकीचे खून विनोदी कार्यक्रम करणाऱ्या पॅटीचे निघतात. भूमिका मिळावी म्हणून एवढी माणसं मारायची, तर या टोकाला ती कशी पोचली याची काहीतरी तयारी आधी नको? शेवटच्या पाच मिनिटांत नाव उघड केलं म्हणजे रहस्य होत नाही.

काचमणी
ठिगळांचं कारण पडद्यामागे आहे. दिग्दर्शक रिचर्ड चुपका मूळचा छायाचित्रकार, लुई मालच्या 'अटलांटिक सिटी'चा. त्याला युरोपीय वळणाचा, माणसांच्या मनात शिरणारा सिनेमा हवा होता. निर्माता पीटर सिम्पसन नुकताच 'प्रॉम नाइट' हा स्लॅशर करून आलेला, त्याला सरळ स्लॅशर हवा होता. दोघांचं फाटलं, काम रखडलं आणि राहिलेलं सिम्पसनने पुरं केलं. १९८०च्या सुमाराला सुरू झालेला सिनेमा लोकांपुढे आला १९८३त. चुपकाचं नाव दिग्दर्शक म्हणून लागलंच नाही. त्या जागी नाव आहे 'जोनाथन स्ट्रायकर', म्हणजे गोष्टीतल्या त्या दुष्ट दिग्दर्शकाचंच!

ज्यांनी जुनी व्हिडिओ कॅसेट पाहून मत बनवलंय त्यांनी २०१४ची दुरुस्त ब्लू-रे पाहावी. कॅसेटमध्ये अर्धा बंगला काळोखात बुडाला होता.

मधली_ओळ
माहितीबद्दल आभार. पण सेटवर भांडणं झाली हे कारण झालं, सबब नव्हे. मी पडद्यावर जे दिसतं तेच जोखणार.

तिसरी_घंटा
मी हौशी नाटकांत बरीच वर्षं काम केलंय, म्हणून वेगळं बोलते. मला या सिनेमात विळ्यापेक्षा स्ट्रायकरची भीती जास्त वाटली. तो मुलींना एकमेकींसमोर उभं करतो, कुणाला काय झोंबेल हे हेरतो आणि नेमकं तिथेच बोट ठेवतो. त्याला 'नाही' म्हणायची सोय नसते, कारण भूमिका त्याच्या हातात. 'भूमिकेसाठी काय वाट्टेल ते करशील ना?' हा प्रश्न मलाही एका तालमीत विचारला गेलाय, आणि मी मान डोलावली होती. सामंथाने तर त्या प्रश्नापायी वेड्यांत राहून दाखवलं.

पॅटीबद्दल, मधली_ओळ, मला पटत नाही. ती विनोद करते म्हणून बंगल्यात तिला कुणी धरतच नाही, आणि आपणही धरत नाही. तीच तिची तयारी. शेवटी ती मनोरुग्णालयात इतर रुग्णांपुढे भाषण म्हणते, ते आठवा. सामंथा जिथून निसटली, तिथे ही पोचली. नायिकेची जागा मिळाली, पण कुठे!

मधली_ओळ
मनोरुग्णालयाचं वर्तुळ माझ्या लक्षात आलं नव्हतं, ते मान्य. तरी सांगतो, हे तुम्ही भरून काढताय. सिनेमाने पॅटीला स्ट्रायकरसमोर एक तरी असा प्रसंग द्यायला हवा होता, जिथे तिचा अपमान आपल्याला लागला असता. सामंथाला तो मिळालाय, म्हणून तिची गोळी पटते.

रातकिडा
हा मुद्दा खरा आहे, पॅटी हातातून निसटलीच. पण सामंथाचं काम करणाऱ्या सामंथा एगरचा चेहरा पाहा. मनोरुग्णालयात बसलेली असताना, स्ट्रायकर आता परत येणार नाही हे तिला हळूहळू कळत जातं, तो भाग. तळ्याचा प्रसंग काढून टाकला तरी एवढ्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा लावेन.

काचमणी
श्रेयनामावली शेवटपर्यंत पाहिलीत का कुणी? तंत्रज्ञांची नावं 'अंक पहिला' आणि 'अंक दुसरा' अशी वेगवेगळी लावली आहेत. मधली_ओळ, तुमचं ठिगळ त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.