मदत हवी आहे : जखमी मोटोक्रॉस रायडरसाठी मदतनिधी कसा उभारावा?

सप्रेम नमस्कार. पुण्याच्या मातीच्या ट्रॅकवर मी बारा वर्षे मोटोक्रॉसच्या शर्यतींची मोटरसायकल चालवली आणि या खेळाने मला जिवाभावाची माणसे दिली, त्यांचे ऋण आता फेडावेसे वाटते. गेल्या हिवाळ्यात आमच्यातील एक तरुण टेबलटॉपवरून (सपाट माथ्याच्या मातीच्या उंचवट्यावरून) उतरताना पडला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रियेचा खर्च मित्रांनी वर्गणी काढून भागवला, परंतु फिजिओथेरपी पैशाअभावी दोन महिन्यांतच थांबली. आजही जिना उतरताना तो कठडा दोन्ही हातांनी धरतो. विम्याची आशा नव्हतीच, कारण बहुतेक वैयक्तिक अपघात पॉलिसींमधून शर्यती वगळलेल्या असतात.

मोटोक्रॉसमध्ये दोन वेळा विश्वविजेते ठरलेले ऑस्ट्रियाचे हाइन्झ किनिगाडनर यांनी, २००३ मध्ये मुलगा हानेस अपघातात अपंग झाल्यावर, पुढच्याच वर्षी मज्जारज्जूच्या संशोधनासाठी ‘विंग्ज फॉर लाइफ’ ही संस्था उभी केली. आमचा आवाका अर्थातच लहान आहे. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले सहा महिने सांभाळता आले, तरी पुष्कळ होईल.

त्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदवावा, की कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी काढावी? देणगीदारांसाठीची प्राप्तिकर सवलत (८०जी) मिळवण्याचा अनुभव कोणाला आहे का? रक्कम रायडरच्या हाती न देता थेट फिजिओथेरपिस्टला देण्याची पद्धत कोणी राबवली असल्यास, तिच्यातील अडचणींसह कृपया सविस्तर लिहावे.